डाव्या हाताचं कडं

त्या काळी स्पेनमधल्या तोलेदोत, पोलादावर सोनं जडवणाऱ्यांच्या गल्लीत दारोदारी हातोडीची टिकटिक चालायची. नुसत्या आवाजावरून घर ओळखावं. फुल्हेन्सिओच्या घरातली टिकटिक मात्र फेब्रुवारीत बंद पडली. दारूच्या भरात त्याने बायकोचा उजवा हात ऐरणीवर दाबला आणि हातोडीने अंगठा चेचला. गुन्हा एवढाच, की सोन्याची तार धरून ठेवायला पोलादावर जे केसाएवढे चरे पाडतात, ते लेओकादियाचे त्याच्यापेक्षा दाट पडत.

चार महिन्यांत ती डाव्या हाताने चरे पाडायला शिकली.

जूनमधल्या त्या दुपारी ती चुलीमागे उभी होती. भांड्यात कातडी जाळणारं कॉस्टिक सोड्याचं द्रावण रटरटत होतं आणि तारेला टांगलेलं कडं आत काळं होत होतं. पोलाद काळं पडतं, सोनं तसंच राहतं.

फुल्हेन्सिओ आत आला. एका हातात वाईनचा मातीचा चंबू, दुसऱ्यात हातोडी.

"दुकानदार भेटला. म्हणतो, तुझ्या बायकोने डाव्या हाताने केलेली कडी पाठव. चारचौघांत म्हणाला."

"मग पाठवू."

"माझ्या कामाचं विचारलंसुद्धा नाही."

"काम केलंस कधी, विचारायला?"

हातोडीचा दांडा तिच्या गालावर बसला. तोंडात दात हलला, रक्ताची चव आली.

"ठेव ऐरणीवर. डावा."

"आणि खायचं काय?"

"भीक माग. भिकेला अंगठा लागत नाही."

त्याने हातोडी काखेत मारली आणि भांड्यावरून हात टाकून तिचं मनगट धरलं. ती कडकडून चावली. तो कळवळून मागे झाला आणि त्याने चंबू उगारला.

या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं, की त्या उकळत्या भांड्यात थेंबभर पाणी पडता कामा नये, नाहीतर सगळं अंगावर उसळतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे तिला त्यानेच शिकवलं होतं. त्याला सावध करायला 'भांडं' एवढा एक शब्द पुरला असता. वेळही होता.

"मार," ती म्हणाली आणि चुलीच्या दगडाआड खाली बसली.

चंबू भांड्याच्या काठावर फुटला. सगळी वाईन आत गेली. भांडं फुत्कारत छतापर्यंत उसळलं. तिच्या पाठीवर चार-दोन थेंब पडले, झगा जळून कातडीला चिकटला. तिला मारायला तो भांड्यावरच वाकलेला होता. सगळं त्याच्या तोंडावर आलं. हातोडी पडली. मग तो ओरडू लागला, दोन्ही हातांनी डोळे ओरबाडत, ऐरणीवर आपटत.

"पाणी! लेओकादिया, पाणी!"

पाण्याचा रांजण दाराशी होता. ती उठली. आधी तिने तार उचलून कडं बाहेर काढलं, फडक्याने पुसून उजेडात धरलं, डाव्या अंगठ्याचं नख सोन्यावरून फिरवून पाहिलं. सोन्याची एकही तार सुटली नव्हती.

कडं फडक्यावर ठेवून मग ती रांजणाकडे गेली.