बारा क्रियापदं

मुंगीला क्रियापदांचं वावडं होतं. नामं तिला पाठ होती, विशेषणं तर ती गरज नसतानाही वापरायची, पण ‘थबकणे’ला दुसरं क्रियापद सांग म्हटलं की बाईसाहेब खिडकीबाहेर बघत बसायच्या. मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत समानार्थी क्रियापदांना बारा गुण होते आणि इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. परीक्षा दोन फेऱ्यांची. पहिलीतून चाळीस जण पुढे जाणार, दुसरीतून तीस जणांना प्रवेश मिळणार.

मुंगी दहा वर्षांची. अंगाने एवढीशी आणि सतत कुठून तरी काहीतरी ओढून आणणारी, म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव तिला चिकटलं होतं. अभ्यास आई घ्यायची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालून दुखणारे हात ती गरम पाण्यात बुडवून बसायची आणि मुंगीच्या वहीतली क्रियापदं विचारायची. एका संध्याकाळी दहापैकी चारच आली. पाणी गार झालं म्हणून आई उठली. बाप दारातून बघत होता.

बाप छापखान्यात मशीनमन होता. मशीनमनने कागद वाचायचा नसतो, बघायचा असतो. शाई कुठे जास्त बसली, अक्षर कुठे बुजलं, ओळ तिरकी गेली का. औषधाच्या खोक्यांवर काय छापलंय ते त्याला वीस वर्षांत कधी सांगता आलं नसतं, पण निळा रंग केसभर सरकलेला त्याला लांबूनही दिसे. म्हणून तर प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायचं काम मालकांनी त्याच्याकडे दिलं. ‘तुझ्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे,’ असं म्हणून मालक दाराला बाहेरून कुलूप लावून चहाला गेले.

चौथ्या कागदावर शाई फिकी आली. त्याने भिंग लावलं. भिंगाखाली ‘थबकणे’ अर्धवट उमटलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने भिंग वाचण्यासाठी पुढे सरकवलं. हिरमुसणे, न्याहाळणे, गोंजारणे, भिरकावणे. शाईचं काम केव्हाच बाजूला राहिलं होतं. बारावं क्रियापद संपेपर्यंत त्याने भिंग उचललं नाही.

आपण कागद चोरला नाही, असं तो घरी पोचेपर्यंत स्वतःला बजावत होता. खराब कागद एकूण एक पोत्यात गेले होते, पोत्याला सील लागलं होतं. डोक्याला सील लावायची सोय नव्हती, त्याला तो काय करणार?

‘आज मी घेतो तुझा अभ्यास,’ तो म्हणाला. मुंगी बघतच राहिली, कारण बापाने आजवर तिची वही हातातसुद्धा घेतली नव्हती.

ती बारा क्रियापदं पन्नास-साठांत मिसळून विचारायची, असं त्याने ठरवलं होतं. पण मास्तरकी त्याच्या सात पिढ्यांत नव्हती. ऐनवेळी दुसरं काही आठवेचना, वही उघडायचंही सुचलं नाही. त्याने बाराच विचारली, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ओळीने, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा तीच. पानांचा क्रम चुकवायचा नाही, ही मशीनवरची सवय.

‘थबकणे?’

‘थांबणे!’

‘गोंजारणे?’

‘कुरवाळणे!’

मुंगी उड्या मारत उत्तरं देत होती आणि बाप शाब्बास शाब्बास म्हणताना तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी ती फाटकातून धावतच आली. ‘बाबा, बाराच्या बारा आली! तू विचारलीस त्याच नंबराने!’ हे तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं की आजूबाजूचे सगळे आईबाप वळून बघायला लागले. त्याला दरदरून घाम फुटला. पण लोक कौतुकाने हसले. कुणाला संशय आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

यादी लागली. मुंगी अडतिसावी. वरच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनची मुलगी, मुंगीची जिवाभावाची मैत्रीण चष्मी, एकेचाळिसावी.

‘महिनाभर घसा फोडून मला जमलं नाही, ते तू तीन दिवसांत केलंस,’ बायको म्हणाली. संध्याकाळी इलेक्ट्रिशियन स्वतः खाली आला. ‘दादा, पोरीला पुढच्या वर्षी परत बसवतोय. तुम्हीच घ्या तिचा अभ्यास. तुमच्या हाताला गुण आहे.’ जाता जाता त्याने त्यांचं कधीचं कुरकुरणारं दिव्याचं बटण बदलून दिलं. त्या रात्री मशीनमन अर्ध्या ताटावरून उठला. मन खात होतं, आणि ते बोलून दाखवायला घरात कुणी नव्हतं.

दुसरी फेरी आठ दिवसांवर आली. तिची प्रश्नपत्रिका शाळेतच तयार होणार होती. मुंगीने वही उघडलीच नव्हती. रविवारी दुपारी, आई पाळीवर गेल्यावर, ती पेन्सिल घेऊन बापासमोर मांडी घालून बसली.

‘सांग, या वेळी कुठली बारा करू?’

‘वहीतली सगळी कर.’

‘सगळी कशाला? काय येणार ते तुला बरोब्बर कळतं.’

कुठलीही बारा सांगून तो सुटला असता. तोंड उघडलंही होतं त्याने. पण एवढ्या विश्वासाने वर झालेला तो चेहरा त्याला सोसला नाही, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. कुलूप, भिंग, फिकी शाई, सगळं.

मुंगीने पेन्सिल खाली ठेवली.

‘मला येणारच नाही असं वाटलं तुला?’

‘तसं नाही गं...’

‘त्यातली नऊ मला येत होती. चष्मीने जिन्यात बसून शिकवली होती.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू पहिल्यांदाच माझा अभ्यास घेत होतास ना,’ मुंगी म्हणाली.

तिला जवळ घ्यायला त्याने हात पुढे केला, पण ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

‘म्हणजे तीन मार्क माझे नाहीत. तीन गेले तर मी यादीत नाही. मग चाळिसावी चष्मी असती. हो ना?’

‘हो,’ तो म्हणाला.

मुंगी उठली आणि पायात चपला सरकवू लागली.

‘कुठे निघालीस?’

‘वर. तिला सांगायला.’

नोकरी, मालक, आई, सगळे एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आले. ‘थांब,’ तो ओरडलाच. मुंगी थांबली. बाप आपल्या चपला शोधायला लागला. ‘तू काही बोलू नकोस. मी सांगतो. आणि उद्या मालकांनाही मीच सांगतो.’

जिना त्याला कधी नव्हे एवढा उंच वाटला. त्याने दार वाजवलं. इलेक्ट्रिशियनने उघडलं, त्याला बघून त्याचा चेहरा फुलला, आणि आत वळून त्याने हाक मारली, ‘अगं चष्मे, वही घेऊन ये, दादा स्वतः शिकवायला आलेत!’