दादाच्या जहाजाची लांबी

आमच्या कारखान्यात जहाजं टेबलावर मावतात. संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी मी आणि बाबा विमानवाहू नौकांच्या प्रतिकृती करत होतो. सगळ्या एकाच प्रमाणात, म्हणजे कुठली किती मोठी ते बघणाऱ्याला एका नजरेत कळावं. सगळ्यात थोराड ती अणुशक्तीवर चालणारी. तिच्या सपाट डेकवरून विमानं यंत्राने भिरकावतात. मधलीचं नाक वर उचललेलं, तिथून विमान उडी मारल्यासारखं सुटतं. धाकटी नुसत्या हेलिकॉप्टरांची. मधलीसारख्याच जहाजावर माझा दादा वैमानिक आहे, म्हणून बाबांनी मला तिला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

त्या दुपारी संग्रहालयाच्या बाई तपासायला येणार होत्या आणि सकाळपासून बाबांचा पाय एका जागी ठरत नव्हता. धुतलेले ब्रश पुन्हा धुवायचे, खिडकीशी जायचे, फोन बघायचा. दादाचा फोन नव्हता. समुद्रावर असला की नसतोच, त्यात नवीन काय? पण त्यांची तगमग बघून मलाही धास्ती वाटायला लागली, आणि मला भीती वाटली की आधी राग येतो.

काहीतरी करायचं म्हणून मी शेवटची तपासणी घेतली. आमची पद्धत सोपी आहे. जहाजाच्या पोटातून विमानं वर आणणारी लिफ्ट असते, तिच्यात त्या त्या जहाजाचं, त्याच प्रमाणात साच्यात ओतलेलं विमान पंख मिटून ठेवायचं. माप बरोबर असेल तर ते जेमतेम बसतं. थोराडीत बसलं. धाकटीत हेलिकॉप्टर बसलं. दादाच्या जहाजात मात्र विमान चक्क खुळखुळलं.

मी पट्टी लावली. जहाज मापापेक्षा वीतभर जास्त लांब होतं, रुंदीही त्याच हिशेबाने वाढवलेली.

"बाबा, हे काय?"

"काय झालं?"

"उगाच भोळेपणाचा आव आणू नका. जन्मभर केसाएवढा फरक चालवून घेतला नाहीत, माझ्या कामात तर नाहीच नाही. आणि इथे वीतभर?"

खाली वाकून बाबांनी टेबलाखालून कापडात गुंडाळलेलं दुसरं जहाज काढलं. तेच जहाज, बरोबर मापाचं, रंगवलेलं.

"आधी हेच केलं होतं," ते म्हणाले. "मग हे विमान त्यावर ठेवून बघितलं. बघ ना, एवढीशी जागा. माझ्या तळहाताहून जरा जास्त. आणि ती पण हलत असते गं, समुद्रात ती हलत असते."

"आणि जहाज मोठं केल्याने काय होणार होतं?"

"मला जेवण जाणार होतं," बाबा म्हणाले.

रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. "मलापण भीती वाटते," मी ओरडलेच. "पण बाई आता येतील. माप चुकलेलं दिसलं तर तुमचं नाव मातीत जाईल. दादाच आधी हसेल तुम्हाला."

लांबवलेलं जहाज आम्ही दोघांनी उचलून फडताळात ठेवलं आणि खरं जहाज चौथऱ्यावर चढवलं. थोराडीशेजारी ते फारच लहान दिसत होतं. त्यावर फक्त तारा लावायच्या राहिल्या होत्या. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटाचा आकडा त्या आडव्या तारांत अडकतो, तेव्हा ते थांबतं. बाबांनी चिमट्याने दोऱ्याची एक तार चिकटवली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही सरळ बसल्या.

दारावरची घंटा वाजली. बाई आल्या होत्या.

चिमटा खाली ठेवायचं सोडून बाबा डेककडे बघत राहिले. "अजून एक लावू?"

"खऱ्या जहाजावर तीनच आहेत."

"माहीत आहे मला."

घंटा पुन्हा वाजली. मी तोंड उघडलं ते त्यांना झापायलाच. मग रिळाचा दोरा ओढला, कात्रीने कापला आणि त्यांच्या हातात दिला.

"नीट ताणून लावा," मी म्हणाले, आणि दार उघडायला गेले.