पोरांच्या नावाची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. बांबूच्या कांबींनी विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंच. वसईच्या पश्चिमेला एका आळीत, ऑगस्टीनच्या पडवीत मी उभी आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण माझ्याइतकं आळीतल्या घरांचं पोट कोणी ओळखत नाही.

मला सात घरांनी मिळून विणून घेतलं. माझ्यात खायचा भात ठेवत नसत, फक्त बियाण्याचा. पेरणीआधी प्रत्येकानं आपल्या वाट्याची पायली भरून न्यायची आणि कापणीनंतर सव्वा पायली परत आणून ओतायची. पोराचा बाप्तिस्मा झाला की पुढच्या रविवारी माझ्या अंगावर चुन्याची एक रेघ ओढत. पोर मोठं झालं की त्याच्या रेघेची पायली त्याची. केवढा मान! नवी रेघ उठली की मी आठवडाभर फुगून बसायची.

एके वर्षी खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. बांध बांधणाऱ्यांना जेवू घालायला माझ्यातला निम्मा भात काढला. मी हूं की चूं केलं नाही. तो बांध अजून उभा आहे, त्याच्याआड पोरं पिकवतात. तो भात सगळ्यांनी तीन वर्षांत फेडलाही.

पुढे ऑगस्टीन माझा कारभारी झाला. माणूस वाईट नाही, पण पंगत वाढायची भारी हौस. त्या वर्षी आळीत तीन बाप्तिस्मे झाले. हा माझ्याकडे बघून म्हणतो, "तीन रेघा वाढल्या. म्हंजे तीन पायल्या जास्त काढल्या तरी चालतील."

अरे शहाण्या, रेघा वाढल्या म्हणजे देणं वाढलं! भात कुठे वाढला? पण पंगतीत बसलेलं कोण बोलतंय? बियाणं गिरणीत गेलं, वाजंत्री वाजली. फेडणार कधी? तर हा म्हणायचा, "पोरं मोठी झाली की फेडतील." मग दर बाप्तिस्म्याला तेच. नवी रेघ ओढायची आणि तिच्या नावावर आणखी एक पंगत उठवायची. बाहेरून मी चुन्यानं पांढरी झाले, आतून पोकळ. मला टिचकी मारून बघायची तसदी कोणी घेतली नाही.

यंदा मे महिन्यात सँड्रा आली. त्या तिघांतली पहिली, तेवीस वर्षांची. लग्नाच्या लॉनसाठी जमीन मागणाऱ्याला नकार देऊन तिनं बापाचं खाचर ठेवून घेतलंय. हातात टोपली.

"काका, ही माझी रेघ. माझी पायली द्या."

ऑगस्टीननं झाकण काढलं. पोरगी स्टुलावर चढून कमरेपर्यंत आत वाकली, तेव्हा कुठे हात तळाला लागला. ओंजळभर भात आणि कोंडा वर आला.

"माझा भात कुठाय, काका?"

"तुझ्या बाप्तिस्म्याच्या जेवनातच वाढला, बाय."

"तेव्हा मी तीन आठवड्यांची होते. मी काय खाल्लं?"

ऑगस्टीनची बायको आल्बिना चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दे की उत्तर! दोनदा वाढून घेतलंवतंस तू."

सँड्रानं टोपली उचलली नाही. ती म्हणाली, "सरकारपन असंच करतं ना, काका? आज उचलायचं आनि जे जन्मायचेत त्यांच्या नावावर मांडायचं. पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावर देशाचं कर्ज. तिथं मला कोन विचारत नाही. इथं तरी मी विचारते. मी पेरू काय?"

मग ऑगस्टीन उठला. चारच दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच्या रेघेची पायली पोत्यात भरून घरात नेली होती. ते पोतं त्यानं उचलून आणलं आणि सँड्राच्या टोपलीत ओतलं. मग ओलं फडकं घेऊन माझ्या अंगावरची आपली रेघ पुसली. सत्तर वर्षांची रेघ. जायला वेळ लागला. आल्बिनानं त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि शेजारची आपली रेघ पुसली.

सँड्राची रोपं वर आली आहेत. बाकीच्या सहा घरांतून अजून कोणी पोतं आणलेलं नाही. मी वाट बघते आहे.

मित्रांनो, मोठी माणसं तुमच्या नावावर काही उचलतील, आळीत उचलतील नाहीतर देशात. बांधासाठी उचललं तर खुशाल हातभार लावा. पंगतीसाठी उचललं तर समोर उभं राहून विचारा, लाजू नका. आणि मोठ्यांनो, येत्या रविवारी आळीत आणखी एका लेकीचा बाप्तिस्मा आहे. चुन्यात बोट बुडवायच्या आधी एकदा माझ्यात हात घालून बघा.