दुसऱ्या नातीचं नाव

"लूना!" आलाननं स्वयंपाकघरातून हाक मारली आणि दोघी एकदम "ओ" म्हणाल्या. एक त्याची सहा वर्षांची मुलगी, जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवणारी. दुसरी त्याची आई, आरामखुर्चीत बसून नळीनं 'माते' नावाच्या कडू चहाचे घोट घेणारी. सगळे हसले. सहा वर्षं झाली, अजून याच गोष्टीवर हसतात मेले, असं बेर्ताच्या मनात आलं. तीही हसली. न हसून सांगते कुणाला?

बेर्ता ही छोट्या लूनाची दुसरी आजी, आईची आई. व्हिया क्रेस्पो या वस्तीतल्या लोकरीच्या दुकानात तिनं उभा जन्म काढला होता. मोठी लूना तिची विहीण. दोन्ही घरं ज्यूंचीच, पण आलानचे आजोबा इझमिरहून बोटीनं आलेले आणि बेर्ताचे आईवडील पोलंडहून. बेहार मंडळींत, म्हणजे आलानच्या घराण्यात, जिवंत आजीचं नाव नातीला देतात. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. बेर्ताकडे नाव ठेवायचं ते फक्त मेलेल्या माणसाचं. जिवंताचं ठेवलं तर मरणदूत नाव विचारत येतो आणि चुकून भलत्यालाच उचलून नेतो म्हणे. थोडक्यात काय, नाव मागं उरावं असं वाटत असेल तर आधी आपण जागा रिकामी करायची.

आणि विहिणीचं नशीब तरी बघा. लूना म्हणजे चंद्र! अर्ध्या बालवाडीत आज तेच नाव. बेर्ता असं नाव आता कुणी गाईलाही ठेवत नाही.

तर यानिनाला, बेर्ताच्या लेकीला, पुन्हा दिवस गेले होते. मुलगीच आहे असं त्याच आठवड्यात कळलं होतं. मोठ्या लूनानं हातातला मातेचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "विहीणबाई, आता तुमची पाळी."

मनापासून म्हणाली, हेच तर दुखणं. वरवर म्हणाली असती तर बेर्ताला निदान सुखानं चिडता आलं असतं. आता हिच्या दारातून ओंजळ भरून घ्यायची होय? "आमच्यात नाही हो चालत," असं ती अगदी आपल्या आईच्या आवाजात म्हणाली आणि केकचा तुकडा पुढे ओढला.

पण ती गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. दुकानात गुंडे लावता लावता ती मनात म्हणून बघायची. बेर्ता, दूध पी. बेर्ता, अनवाणी फिरू नकोस. कानाला बरं वाटायचं. नवरा गेल्यापासून तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लेकीची ती आई, नातीची आजी, गिऱ्हाइकांची बाई. आपलं नाव त्या घरात रोज घेतलं जावं आणि ते आपण या कानांनी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. विहिणीला मिळतं तेवढंच. जास्त नको, पण कमीही नको.

शेवटी एका दुपारी भांडी पुसता पुसता तिनं लेकीला सांगून टाकलं. "माझं नाव ठेव तिला."

यानिनाच्या हातातली बशी तशीच राहिली. "आई, नको ना."

"डुक्कर खातेस, शनिवारचा विसावा मोडून गाडी हाकतेस, उपासाच्या दिवशी कॉफी ढोसतेस. आणि याला घाबरतेस?"

"हो, घाबरते." यानिना खाली बसली. पोट सावरत म्हणाली, "उद्या तुला काही झालं, तर मी त्या पोरीकडे कुठल्या डोळ्यांनी बघू?"

बेर्ता म्हणाली, तुझ्या सासूला काय झालं, टुणटुणीत आहे की. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ही भीतीच माहीत नाही, असं यानिनाचं म्हणणं. आणि मला ही भीती तूच तर शिकवलीस, असंही ती म्हणाली. बेर्तानं पुसलेलीच भांडी पुन्हा पुसली. मग यानिना म्हणाली, "सिनेगॉगमध्ये रब्बी नाव विचारेल तेव्हा तूच सांग. जे सांगशील ते. मी अडवणार नाही."

मुलगी झाली, धडधाकट झाली. नामकरणाला बेहारांच्या सिनेगॉगमध्ये सगळा गोतावळा जमला. मोठी लूना निळ्या रेशमी पोशाखात मिरवत होती आणि छोटीला तिच्याच कापडाचा फ्रॉक. बेर्तानं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. आज मात्र आपलीही वेळ आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. नाव तिच्या जिभेवर तयार होतं.

रब्बीनं विचारलं. आलाननं यानिनाकडे पाहिलं, यानिनानं आईकडे. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाळाला तिनं इतकं घट्ट धरलं होतं, जणू कुणी आत्ताच दारातून येऊन हिसकावणार होतं. मग बेर्ताच्या ध्यानात आलं की तिचं लक्ष बाळाकडे नव्हतंच. ती आपल्या आईकडे बघत होती, परत न येण्यासाठी बोटीवर चढणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"मालका," बेर्ता म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "मालका. माझ्या आईचं."

यानिना रडायलाच लागली. मोठ्या लूनानं येऊन बेर्ताचे दोन्ही गाल धरले आणि किती सुंदर नाव म्हणून तोंडभरून कौतुक केलं. बेर्ताला तिचा राग आला. आईचाही आला थोडा. गेली बिचारी तीस वर्षांपूर्वी, आणि आज आयती आपल्या लेकीच्या मांडीवर येऊन बसली.

नंतर खाणंपिणं चाललं असताना छोटी लूना तिला येऊन चिकटली. "आजी, तुझं नाव कुणालाच नाही का?"

"अजून नाही."

"मग मी माझ्या मुलीला ठेवीन," लूना म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं, कुणाकडून तरी ऐकलेलं. "पण त्यासाठी तुला आधी मरावं लागेल ना?"

"लागेल."

लूनानं थोडा विचार केला. "मग मी उशिरा लग्न करीन."

"कर गं बाई," बेर्ता म्हणाली आणि तिच्या फ्रॉकची सुटलेली नाडी बांधायला वाकली. "चांगलं उशिरा कर."