कानात सांगितलेली ओळ

सासऱ्याला ताप आहे हे कोकिळाने सकाळीच ओळखलं. कपाळाला हात लावायचं कामच पडलं नाही. लोटन आबा चुलीपुढे बसला होता आणि हातातला चहा निवून गेला होता. हा माणूस चहा उकळता पितो.

"आबा, आजचं राहू द्या. मी धुळ्याला फोन करते."

"काय सांगशी फोनवर?" आबा उसळला. "पस्तीस वरीस पारवर वही म्हनी मी. आते कोठे धुळाना स्टेजवर बलाई ऱ्हायनात, तं सांग, बुढा आजारी शे!"

वही म्हणजे डफावर म्हणायची गाणी. आबाच्या आज्याने ती स्वतःच्या हाताने वहीत उतरवली होती. आबा पुढचा गाणारा, जीवराम त्याचा झीलकरी, म्हणजे मागून ओळ उचलणारा. जीवरामला अक्षर येत नव्हतं आणि पाठांतर तर त्याहून नव्हतं. म्हणून आबा वहीतली ओळ आधी त्याच्या कानात सांगायचा आणि मग डफ वाजायचा. आबाचं तोंड, जीवरामचा कान. सगळा फड या चार बोटांच्या अंतरावर उभा होता.

कोकिळा गावची आशा सेविका. गावात करोना आल्यापासून दारोदार 'लांब राहा, मास्क लावा' सांगत फिरणारी. धुळ्याच्या या महोत्सवात कलाकारांच्या दारावर ताप बघायची ड्युटीही तिलाच लागली होती. वरून निरोप आला होता, "मंडळी तुमच्याकडचीच आहे, तुम्हीच बघा."

पिंपळनेरहून निघालेल्या बसमध्ये आबाला हुडहुडी भरली. कोकिळाने मास्क वर ओढला, इकडेतिकडे पाहिलं आणि सरकारी पिशवीतून तापाच्या दोन गोळ्या काढून अंगदुखीच्या म्हणून त्याच्या हातावर ठेवल्या. उन्हाचं असेल, जागरणाचं असेल, असं ती मनाशी घोकत राहिली. गावात दुसऱ्या कोणाचा सासरा असता तर तिने त्याला खोलीत बसवून बाहेरून कडी लावली असती.

दारावर तिने ताप मोजायची बंदूक आबाच्या कपाळापुढे धरली. सत्त्याण्णव पूर्णांक आठ. तिने रजिस्टरात लिहिलं. आकडा खरा होता.

मागून जीवराम आला. "कोकिळा, डोकाले बंदूक लावस? मी काय चोरी करी व बाई?"

"काका, मास्क नाकावर घ्या."

"नाकवर लिसू तं झील काय पोटमातून काढू?"

दारातली सगळी हसली. कोकिळाही हसली.

आत बंदोबस्त होता म्हणायचा. एकाआड एक खुर्चीवर लाल फुली चिकटवलेली. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांच्यामागून आलेली पन्नास माणसं बरोबर त्या फुल्यांवर जाऊन बसली. उठवायची छाती कोणाची? पाहुण्यांनी मास्क हनुवटीखाली ओढून, काळजी कशी घ्यावी यावर वीस मिनिटं भाषण ठोकलं. लोक टाळ्या वाजवत होते. नियम असा असतो आमच्याकडे, स्टेजवरून सांगायचा आणि गरिबाला लावायचा.

कारण स्टेजवर कलाकारांसाठी खडूचे गोल काढले होते, सहा-सहा फुटांवर. समितीच्या दीपमाला मॅडमनी बजावलं, "आपापल्या गोलातच उभं राहायचं. बाहेर पाऊल नको."

आबा त्याच्या गोलात, जीवराम त्याच्या गोलात. आबाने पहिली ओळ टाकली. डफ वाजला. जीवरामला ओळ पोचलीच नाही. त्याने दुसऱ्याच गाण्याची उचलली. पुढच्या खुर्च्यांत कोणीतरी खिदळलं. आबाने परत टाकली, जीवराम परत चुकला. आता हसणं मागपर्यंत गेलं. पस्तीस वर्षांचा फड धुळ्याच्या स्टेजवर पोरांच्या गमतीचा झाला होता.

जीवरामने एकदा खडूच्या रेषेकडे पाहिलं. मग ती पायाने पुसत आबाजवळ गेला, मास्क गळ्यात ओढला आणि कान आबाच्या तोंडाला लावला.

कोकिळा पडद्याआड उभी होती. गोळ्या घेऊन चार तास झाले होते, त्यांचा गुण उतरत आला होता. आबाच्या मानेवरचा घाम तिला दिसत होता. एक हाक मारायची होती, "काका, मागे व्हा!" एवढंच. पण वही चढली होती. जीवरामची झील मांडवाच्या टोकाला जाऊन भिडत होती आणि मघाशी हसणारे आता माना डोलवत होते. तिला सासऱ्याचा अभिमान वाटला. तिने हाक मारली नाही.

करोना दोघांनाही निघाला. आबा आठ दिवसांत उठून बसला. जीवराम पंधराव्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात वारला. त्याचं तोंडही कोणाला दिसलं नाही. गावात त्याचा फक्त डफ उरला, तोही घरातच होता म्हणून.

फडातला माणूस गेला की दहाव्याला त्याच्या अंगणात वही म्हणतात. वीस माणसांची परवानगी होती, आली अकरा. जीवरामची बायको धुरपदाबाई उंबऱ्याशी बसली होती. कोकिळा जवळ जाऊन बसली तशी तिने विचारलं, "तूच व्हती ना दारवर? आबाना डोकाले तुनी बंदूक काय बोलनी?"

"सत्त्याण्णव, अक्का. आबाला तेव्हा ताप नव्हता."

"मंग ठीक शे," धुरपदाबाई म्हणाली. तिने विश्वास ठेवला. गावातल्या सगळ्याच बाया कोकिळावर विश्वास ठेवत.

अंगणात आबाने वही उघडली. दम लागत होता. त्याने ओळीवर बोट ठेवलं, सवयीने उजवीकडे झुकला आणि तिथे कोणी नसताना ओळ हळूच कुजबुजला. मग थांबला. वाट बघत राहिला. डफवाल्याचा हात हवेत तसाच.

दुसरी ओळ. परत तो झुकला.

कोकिळाने तोंडावरचा मास्क काढला आणि आवाज खाली घेतला. "अक्का, मी खोटं बोलले. आबाला ताप होता. गोळ्या मी दिल्या, बसमध्ये. माझ्या हाताने."

धुरपदाबाई उंबऱ्याला हात टेकून उठली. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आबाले ठाऊक शे?"

"नाही. अंगदुखीच्या म्हणून दिल्या."

"त्याले सांगू नको," धुरपदाबाई म्हणाली. "तो मरी जाई. आनि तू आते मन्हा उंबऱ्यावर पाय ठेवू नको."

कोकिळा उठली. फाटकाजवळ पोचली तेव्हा मागे आबा तिसरी ओळ कुजबुजत होता.