मागचं इंजिन

विमानाला दोन इंजिनं, तर ती दोन पंखांवर लावावीत की नाही? पण आमचे धाकटे दीर सरळ विचार करतील तर शपथ! स्वतः बांधलेल्या विमानात भाऊजींनी एक इंजिन लावलं नाकावर आणि दुसरं मागे, पायलटच्या पाठीशी. म्हणे, एक बंद पडलं तरी विमान एका बाजूला ओढलं जाणार नाही. बरं, उडवणार कोण? माझा नवरा. थोरला भाऊ ना, हौसेला मोल नाही!

मागच्या इंजिनानं आत कानठळ्या बसायच्या. म्हणून भाऊजींनी सीटमागे जाडजूड गादी ठोकली आणि मला सांगत सुटले, "वहिनी, आता आत कुजबुजलं तरी ऐकू येतं!"

परवान्यासाठी चाचणी होती. तपासनीस आणि मी कुंपणाशी उभे होतो, भाऊजी धावपट्टीच्या पार टोकाला. विमान सुटलं. जरा पुढे गेलं आणि मागचा पंखा फिरायचा थांबला! मी जिवाच्या आकांतानं ओरडले. पण आमची स्वारी खुशाल पुढे. विमान काही वर उठेना, पट्टी संपत आलेली आणि पलीकडे झाडं.

तेवढ्यात भाऊजी धावत पट्टीवर, विमानाच्या वाटेत आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. नवऱ्यानं कचकन वळवलं. विमान गवतात घुसलं, पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीत रुतलं.

नवरा धडधाकट बाहेर आला तोच खेकसत. "मरायचंय का तुला? मध्ये कशाला तडमडलास?"

"मागचं इंजिन बंद पडलं, दादा."

"कधी?"

धावत आलेल्या तपासनीसांनी तेवढंच ऐकलं आणि मान हलवली. परवान्याचा विषय संपला. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

नवरा ऐकतोय थोडाच! "समोर एक दिवा लावू. इंजिन बंद पडलं की पेटेल. दुरुस्त कर, पुन्हा उडवतो."

"नाही," भाऊजी म्हणाले. "दिवा पेटतो की नाही ते बघायला मी तुला आत बसवणार नाही. विमान बंद."

एवढं बोलून ते गवतातच बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. मी शेजारी बसून पाठीवर हात ठेवला.

"वहिनी, एवढी वर्षं फुकट गेली हो."

"जाऊ देत," मी म्हटलं, "भाऊ राहिला ना."