चौदाचे चार

"यातलं फ्रीजमध्ये न ठेवता चालणारं कुठलं?" वस्तादांनी विचारलं.

डोकेदुखीच्या डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. गेली दहा मिनिटं त्या टेबलावर रिकामी खोकी मांडून इंजेक्शनांचे प्रकार समजावत होत्या. पहिलं पेनासारखं, महिन्यातून एकदा घरच्या घरी मांडीत टोचायचं. दुसरं तीन महिन्यांतून एकदाच, पण एका बैठकीत तीन टोचण्या. तिसरा प्रकार बाई स्वतः करणार, कपाळ, कानशिलं आणि मान मिळून एकतीस बारीक सुया. पहिल्याने पोट साफ होत नाही, दुसऱ्याने टोचल्या जागी गाठ येते, तिसऱ्याने मान आठवडाभर अवघडू शकते. गोळ्या वस्तादांनी आधीच सोडल्या होत्या, त्यांनी पेंग येई.

"का हो, घरी फ्रीज नाही?"

"आहे. पण तो सगळ्यांचा आहे."

बाई हसल्या. "महिन्याचंच घ्या. नाही सोसलं तर लगेच थांबवता येतं. तीन महिन्यांचं एकदा आत गेलं की गेलं. पहिलं आज इथेच टोचू, दोन घरी न्या. ती मात्र फ्रीजमध्येच."

"गुण कधी येतो? या आठवड्यात?"

"काहींना लवकर येतो. पण कळायला तीन महिने धरा. यातलं कुठलंही घेतलंत तरी."

वस्तादांचा चेहरा पडला. पोट, गाठ, मान, सगळं ते सोसायला तयार होते, पण तीन महिने त्यांच्याकडे नव्हते.

"काम काय करता?"

"बसूनच असतं."

हे खोटं नव्हतं. बावीस वर्षं ते उंच टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनीत बसूनच होते. वीस मजल्यांवरून शिगांचा भारा असा उतरवत की खालच्याने नुसता हात लावावा. म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणत, साइट इंजिनिअरसुद्धा. गेल्या सोमवारी असाच भारा हवेत असताना त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे उजेडाची नागमोडी रेघ उठली आणि पसरत पसरत तिने अर्धं आवार गिळलं. वस्तादांनी भारा होता तिथे रोखला आणि रेडिओवर सांगितलं, "वारा आहे. थांबा." वीस मिनिटं खाली झाडाचं पानही हललं नाही. नेहमीच्या जागी हिरवं जाकीट घालून इशारा द्यायला उभा होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या कामावर वस्तादांनीच चिकटवलं होतं.

पेनं त्यांनी भाजीच्या कप्प्यात गाजरांखाली दडवली. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी चहाचा घोट घेतला तर चहा बिनसाखरेचा.

"साखर?"

"बंद," बायको म्हणाली. "माझे वडील असलीच पेनं टोचायचे. मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? लपवायचं काय त्यात, निम्म्या जगाला आहे."

तिने सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि वस्तादांना तो स्वर्ग सोयीचा होता. त्यांनी तो बिनसाखरेचा चहा संपवला. तिने त्या दिवशी डब्यातून बटाटाही काढला, संध्याकाळी त्यांच्यासाठी चालायचे बूट घेऊन आली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी ते गप्पच राहिले.

मेहुणा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसला. डबा उघडलाच नाही त्याने.

"ताई म्हणाली, दाजींना साखर निघाली."

"हं."

"साखरेनं माणूस वारा नसताना वारा आहे म्हणतो का, दाजी?"

वस्ताद घास चावत राहिले. तो खूप बारीक करून मग गिळला.

"किती वेळा झालं?"

"वर असताना तीनदा. डोळ्यापुढचं अर्धं जातं. मग डोकं."

"आणि खाली मी."

"खाली तू. औषध चालू केलंय. तीन महिन्यांत फरक पडेल म्हणतात."

मेहुणा चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला वस्तादांनी दोन शब्द सुनावून गप्प केलं असतं. तो आपला बुटाच्या टोकाने माती उकरत बसला.

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "उभाही राहीन. तुम्ही फक्त म्हणा की उद्या उभा राहा. तुम्ही म्हणालात की झालं."

वस्तादांनी तोंड उघडलं. शब्द साधे होते, रोज रेडिओवर शंभरदा म्हणत तेच. ते काही निघेनात. त्यांनी डबा बंद केला, हात धुतले आणि सरळ इंजिनिअरच्या खोलीत गेले.

घरीही खरं सांगितलं तेव्हा बायको ओट्याकडे वळली. मग म्हणाली, "साखर परवडली असती." चहात तिने त्या दिवशी दुप्पट साखर घातली.

वस्तादांना सामानाच्या खोलीत बसवलं. भारे बांधायचे पट्टे तपासायचे, झिजलेले बाजूला काढायचे. दुखलं की पट्टा तसाच ठेवून पडून राहता येई. डॉक्टरबाईंनी दिलेल्या वहीत ते दुखण्याचे दिवस इमानाने लिहीत. इंजेक्शनाआधीच्या महिन्यात चौदा होते. मग अकरा, मग सात, मग चार.

बाई वही पाहून खूश झाल्या. "निम्म्याहून कमी झालं तरी आम्ही औषध लागू पडलं म्हणतो. तुमचं तर त्याहून छान आहे."

"हे चार दिवस कुठले, ते आदल्या दिवशी कळेल का?"

बाईंना आता वस्तादांचं काम ठाऊक होतं. "नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"उरलेल्या दोन इंजेक्शनांतल्या कशाने शून्य होईल?"

"बदलून बघता येईल. पण शून्याचा शब्द कुणी दिला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

वस्तादांनी मान हलवली. वही नीट मिटून खिशात ठेवली आणि त्यांचे आभार मानले, कारण बाईंनी आपलं काम चोख केलं होतं.

दुपारी ते कामावर परतले. क्रेनवर आता पंचविशीची एक मुलगी होती. ती सामानाच्या खोलीच्या दारात आली, काखेत एक चपटी, उसवलेली उशी.

"वस्ताद, ही तुमची ना? केबिनीतच राहिली होती."

राहिली नव्हती. आज ना उद्या परत जायचंच आहे, म्हणून त्यांनी ती आणलीच नव्हती. त्यांनी उशी हातात घेतली, उसवलेली कड बोटाने आत खोचली आणि तिच्याकडे परत दिली.

"वरच असू दे. ती सीट कमरेला डावीकडून टोचते. ही उभी लाव, आडवी नको."

ती बरं म्हणाली. तिची पावलं शिडीवर वाजत वाजत वर गेली. वस्तादांनी पुढचा पट्टा मांडीवर ओढला आणि एका टोकापासून बोटांनी चाचपायला सुरुवात केली.